कुंद्यावरची गादी

जुनी दुनळी बंदूक कोणी पाहावयास दिली म्हणजे पाहणाऱ्याची नजर प्रथम नळ्यांवरील नागमोडी दमास्कसी रेषांवर जाते, तेथून ती कळीच्या पोलादी पट्टीवर कोरलेल्या वेलबुट्टीवर आणि कारखानदाराच्या नावावर येऊन थबकते, आणि दस्त्याच्या अक्रोडी लाकडातील धुरकट काळ्या छटा निरखून झाल्या की बंदूक पाहून झाली असे समजून तो ती परत करतो. दस्त्याचे मागचे टोक, ज्याला आपल्याकडे कुंदा म्हणतात, ते उलटून पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. वास्तविक बंदूक आणि माणूस यांची गाठ पडते ती तेथेच. बाकीची सारी बंदूक सावजाकडे तोंड करून असते, एकटा कुंदा तेवढा माणसाला टेकून असतो.

अशा एखाद्या बंदुकीच्या कुंद्यावर, लाकूड जेथे संपते तेथे, विटकरी रंगाची, सुमारे इंचभर जाडीची, भरीव रबराची गादी बसविलेली आढळते. तिच्या आणि लाकडाच्या मध्ये काळ्या कठीण रबराचा पातळ थर असतो. तिच्या पाठीवर, वर एक व खाली एक, अशी दोन वाटोळी बुचे दिसतात, आणि त्या बुचांखाली गादीला लाकडाशी आवळून धरणारी मळसूत्रे लपलेली असतात. शंभर वर्षांच्या उष्ण व दमट हवेने तिचे मूळचे मार्दव पार नाहीसे झालेले असते. नख दाबावे तर नखच मोडेल अशी ती दगडी होते, आणि कडेवरून अंगठा फिरविला तर तांबूस भुकटी बोटाला लागते. जी वस्तू खांद्याला मऊ लागावी एवढ्याच हेतूने जन्माला आली, तीच शेवटी लाकडाहून कठीण होऊन बसते, आणि मग त्या बंदुकीच्या नव्या धन्यापुढे प्रश्न उभा राहतो की ही काढावी, बदलावी, की आहे तशी राहू द्यावी. या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती गादी तेथे आली कशी हे जाणून घेणे इष्ट आहे, कारण जुन्या वस्तूंच्या बाबतीत इतिहास न पाहता केलेली दुरुस्ती बहुधा मोडतोडच ठरते.

बंदूक उडाली की ती मागे येते, हा अनुभव बंदुकीच्या दारूइतकाच जुना. त्याची मीमांसा मात्र न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गतीचा तिसरा नियम सांगितला तेव्हा झाली. छर्रे जितक्या आवेगाने पुढे जातात तितक्याच आवेगाने बंदूक मागे येते. फरक एवढाच की छर्रे हलके म्हणून त्यांचा वेग प्रचंड आणि बंदूक जड म्हणून तिचा वेग थोडा. नेहमीची बारा बोरची बंदूक, म्हणजे जिच्या नळीच्या व्यासाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात अशी .७२९ इंच व्यासाची बंदूक, उडते तेव्हा सेकंदाला सुमारे १६ फूट वेगाने मागे येते. बर्मिंगहॅमचा विख्यात कारखानदार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याच्या नावाने या धंद्यात एक आडाखा रूढ आहे, तो असा की बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. छर्रे एक औंस असतील तर बंदूक सहा पौंडांची, आणि छर्रे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस असतील तर बंदूक पावणेसात पौंडांची, असा हा हिशेब आहे. १८८१ साली ज्याच्या बंदूकविषयक ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली त्या ग्रीनरच्या पिढीला धक्क्यावरचा पहिला उतारा रबरात नव्हे तर वजनाच्या या तोलातच दिसत होता, आणि तो उतारा आजही खोटा ठरलेला नाही.

वजनानंतरचा दुसरा उतारा मापाचा. इंग्लंडातील उत्तम बंदूक गिऱ्हाइकाच्या अंगाला बेतून केली जात असे. शिंपी अंगरख्याचे माप घेतो त्याच बारकाईने बंदूक करणारा गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, मानेची उंची, खांद्याची रुंदी आणि गालाचा भरणा पाही. चापापासून कुंद्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, जे सामान्यतः साडेचौदा इंचांच्या आसपास असते, गाल टेकावयाच्या कडेचा नळ्यांच्या रेषेखालील उतार, खांद्याच्या बाजूस दस्त्याला दिलेला किंचित बाक, आणि कुंद्याच्या पृष्ठाचा उभा कल, अशी ही मापे होत. त्या पृष्ठाच्या वरच्या टोकाला त्या कारागिरांच्या बोलीत टाच म्हणत आणि खालच्या टोकाला पायाचे बोट. आपण त्याला चवडा म्हणू. चवडा अधिक पुढे आला तर तो छातीत रुततो, टाच अधिक लांब राहिली तर कुंदा खांद्यावरून निसटू पाहतो. ही सारी मापे जुळली की पावणेसात पौंडांच्या बंदुकीचा धक्का सबंध खांद्याच्या खळग्यात सारखा पसरतो आणि जाणवतही नाही. मापे चुकली की तीच बंदूक गालफडावर आणि दंडावर निळे वळ उठविते. जुने इंग्रज कारागीर गादीविषयी उदासीन राहिले ते यामुळे. ज्याच्या बंदुकीला गादी लागते त्याच्या बंदुकीचे माप चुकले आहे, असा त्यांचा समज होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

हे काम करणाऱ्या माणसाचा हात पाहण्यासारखा असे. बर्मिंगहॅमच्या बंदूक-मोहल्ल्यात आणि लंडनच्या पेढ्यांत श्रमविभाग फार बारीक होता. नळी कोरणारा वेगळा, कळ कानसणारा वेगळा, नक्षी खोदणारा वेगळा, आणि दस्ता बसविणारा वेगळा. दस्ता बसविणाऱ्याजवळ धुराचा एक लहान दिवा असे. पोलादी कळीला त्या दिव्याची काजळी माखून तो ती लाकडात केलेल्या खाचेत दाबी, पुन्हा उचली, आणि जेथे जेथे काळा डाग उमटला असेल तेवढाच भाग पटाशीने तासून काढी. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा तासणे, असे करता करता शेवटी सबंध खाच सारखी काळी दिसू लागे. तेव्हा लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये केसही शिरणार नाही असा सांधा साधला, असे समजत. मग जवसाच्या तेलात रतनजोतीसारख्या मुळीचा तांबडा रंग उतरवून ते तेल तळहाताने आठवडेच्या आठवडे लाकडात जिरवीत. या माणसाने कुंद्याचे पृष्ठ बहुधा उघडेच ठेवलेले असे आणि त्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असत, म्हणजे अंगरख्यावर ते घसरू नये. पूर्वीच्या ठासणीच्या बंदुकांना पोलादी किंवा पितळी पत्रा असे, पुढे शिंगाची किंवा कठीण रबराची पट्टीही आली; परंतु उघड्या अक्रोडाचे टोक हीच अभिजात इंग्रजी बंदुकीची खूण मानली गेली.

असे असता गादी आली ती का? धक्का वाढला म्हणून आली, असे कोणालाही प्रथम वाटेल, पण इतिहास निराळे सांगतो. जोसेफ मँटन या लंडनच्या बंदूक-कारागिराच्या काळात, आणि त्याच्या हाताखाली काम करून १८१४ साली स्वतःची पेढी काढणाऱ्या जेम्स पर्डीच्या पूर्वायुष्यात, बंदूक तोंडाकडून ठासावी लागे. दारू मोजून ओतावयाची, तीवर बोळा, बोळ्यावर छर्रे, त्यावर पुन्हा बोळा, गजाने ठासावयाचे, मग रंजक किंवा टोपी. एवढ्या खटाटोपानंतर दोन बार होत. दिवसभरात असे किती बार होणार? खांद्याला विसावा घेण्यास मुबलक वेळ मिळे. पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून उघडणारी बंदूक इंग्रजांनी पाहिली, त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मधोमध टोपी असलेले काडतूस आले, १८७५ साली अँसन व डीली यांची अंतर्गत घोड्यांची सुटसुटीत रचना आली, आणि काडतूस घालणे हे क्षणाचे काम झाले. त्याच सुमारास शिकारीची रीतही पालटली. पूर्वी शिकारी कुत्र्यामागे शेतांतून चालत असे; आता तो एका जागी उभा राहू लागला, हाकारे पाखरे त्याच्या डोक्यावरून हाकलू लागले, आणि मागे उभा असलेला नोकर एक बंदूक रिकामी होताच दुसरी भरून हातात देऊ लागला.

या रीतीने जे घडले त्याची कल्पना एका माणसाच्या आकड्यावरून येईल. मार्क्विस ऑफ रिपन या उमरावाने १८६७ ते १९२३ या काळात मारलेल्या प्राण्यांची व पक्ष्यांची नोंद साडेपाच लाखांवर जाते, आणि १९२३ च्या सप्टेंबरात तो मरण पावला तोही सकाळभर पाखरे मारून झाल्यावर, शिकारीच्या माळावरच. सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात शिकारीला उजेड अधिक मिळावा म्हणून घड्याळे अर्धा तास पुढे लावीत, आणि ही प्रथा १९३६ पर्यंत चालू होती. आपल्या पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग, ज्याचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले होते, त्याने १८६३ साली एल्व्हडनची जहागीर विकत घेतली आणि पुढे इंग्लंडातील पहिल्या प्रतीच्या नेमबाजांत त्याची गणना होऊ लागली. या संहाराचे कौतुक करणे मला शक्य नाही. परंतु इतिहास लिहिताना हे सांगितलेच पाहिजे की खांद्यावरची गादी या संहाराच्या संख्येतून जन्माला आली. एकेका बाराचा धक्का पूर्वीइतकाच होता. दिवसाकाठी शेकडो बार होऊ लागल्यावर मात्र खांदा काळानिळा होई, मधल्या बोटाला चापाच्या कमानीचा मार बसे, डोके ठणकू लागे, आणि चांगला नेमबाजही चाप ओढण्यापूर्वी डोळे मिटून बिचकू लागे. त्या दशकांतील काळ्या दारूचा भारही वजनाने मोठा, म्हणून नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा रेटाही मोठा. निर्धूर दारू सर्वत्र झाल्यावर तो रेटा कमी झाला, तोवर गादीची सवय लोकांना जडली होती.

गरज अशी उत्पन्न झाली तेव्हा ती भागविणारा पदार्थही हाताशी आला होता. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. त्याची गादी करणे व्यर्थ होते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापविले असता त्याचा स्वभाव पालटतो हे पाहिले, आणि १८४४ साली त्याला त्याची सनद मिळाली; इंग्लंडात टॉमस हँकॉकने त्याच्या थोडे आधी आपली सनद मागितली होती. लंडनच्या कॉर्नहिल भागात एस. डब्ल्यू. सिल्व्हर आणि कंपनी या नावाची पेढी वसाहतींत जाणाऱ्या लोकांना कपडे व सामान पुरवीत असे. दूर देशी जाणाऱ्या माणसाला पावसापासून जपणारा कपडा हवा, म्हणून या पेढीने रबराचा धंदा हाती घेतला, आणि १८५२ च्या सुमारास टेम्स नदीच्या उत्तर काठी, शहराच्या पूर्वेला, दलदलीच्या जागेत आपला कारखाना नेला. कारखान्याभोवती वस्ती झाली, आणि त्या वस्तीला सिल्व्हर घराण्यावरून सिल्व्हरटाउन हे नाव पडले ते आजतागायत आहे. पुढे तेथेच समुद्राच्या तळाशी घालावयाच्या तारायंत्राच्या दोऱ्या तयार होऊ लागल्या. ज्या पेढीजवळ रबर होते आणि वसाहतींकडे निघालेले बंदूकवाले गिऱ्हाईकही होते, तिने या दोहोंची सांगड घालावी हे स्वाभाविकच होते. १८७० च्या दशकात सिल्व्हरची धक्कारोधक गादी बाजारात आली, आणि तिचे रूप इतके ठाकठीक उतरले की आजही जुन्या घाटाची गादी मागताना लोक सिल्व्हरचेच नाव घेतात.

या गादीचे रबर मात्र टेम्सच्या काठी पिकत नव्हते. ते ॲमेझॉनच्या अरण्यातील झाडांच्या चिकाचे होते, आणि पारा बंदरातून येत असे. १८७६ साली हेन्री विकहॅमने त्या झाडांच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या, तेथील रोपे सिंहलद्वीपात व मलायात गेली, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लागवडीचे रबर रानटी रबराला मागे टाकून गेले. परंतु त्या मधल्या चार दशकांत काँगोच्या खोऱ्यात आणि ॲमेझॉनच्या पुटुमायो प्रांतात चीक गोळा करणाऱ्या लोकांवर जे अत्याचार झाले, ते ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याच्या अहवालांनी पुढे साऱ्या जगाला कळविले. खांद्याच्या मृदू गादीपाठीमागे कोणाच्या तरी पाठीवरचे वळ होते, ही गोष्ट विसरून या वस्तूचे रूप वाखाणणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गादी आली तरी तिला एक दोष होता. रबर कापडाला अडते. पाखरू डोक्यावर येते तेव्हा बंदूक क्षणार्धात खांद्याला लागावयास हवी, आणि त्याच क्षणी गादीची कड अंगरख्याच्या बाहीत अडकली तर बार हुकतो. म्हणून उंची बंदुकांवरील गादीला पातळ चामड्याचे आवरण घालू लागले; चामडे ओले करून, ताणून, रबराच्या वळणावर सुरकुती न पडता बसविणे आणि त्याची कड लाकडालगतच्या सांध्यात दडविणे, हे एक स्वतंत्र कसब झाले. पाखरांच्या हलक्या बंदुकीवर गादी शेवटपर्यंत ऐच्छिक राहिली; हत्ती-गव्यांसाठी केलेल्या जड दुनळी रायफलींवर मात्र ती जवळजवळ अनिवार्य ठरली, कारण तेथे धक्का सोसण्याच्या पलीकडचा होता.

या बंदुका हिंदुस्थानात मुबलक आल्या. कलकत्त्यास मँटन घराण्याच्या नावाची पेढी होती. मुंबईस काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे भव्य दुकान होते, आणि त्याची इमारत आजही उभी आहे. संस्थानिकांचे शिकारखाने विलायती बंदुकांनी भरले; कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा शिकारीचा नाद तर सर्वश्रुत आहे, आणि तेथील नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात शस्त्रे व पेंढा भरलेली जनावरे अद्याप पाहावयास मिळतात. रयतेच्या हाती मात्र १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक येऊ शकत नव्हती, आणि राष्ट्रीय सभेने आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याबद्दल तक्रार मांडली होती. इंग्लंडच्या थंड हवेसाठी घडलेल्या या वस्तूंना येथील हवा मानवली नाही. उन्हाळ्यात अक्रोडाचे लाकूड आटून गादीची कड लाकडाबाहेर डोकावू लागे, पावसाळ्यात लाकूड फुगून ती आत जाई, आणि रबर वर्षानुवर्षे तापत तापत ताठर होऊन भेगाळे. विलायतेत जी गादी दोन पिढ्या टिकली असती ती येथे एका पिढीतच निकामी झाली.

अमेरिकेत या वस्तूने निराळे वळण घेतले. १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची उडती थाळी काढली, आणि जिवंत कबुतरांऐवजी मातीच्या थाळ्यांवर नेम धरण्याचा खेळ पसरला. या खेळात बारांची संख्या मोठी, स्पर्धा कडक, आणि बिचकणाऱ्याचा पराभव निश्चित. तेव्हा तेथे गादीला कमीपणाचा डाग लागलाच नाही. कनेटिकटच्या पार्कर ब्रदर्स कारखान्याच्या बंदुकांवर कुत्र्याच्या मुखाची छाप असलेली कठीण रबराची पट्टी येत असे; ती काढून लोक हॉकिन्स नावाची रबरी गादी बसवून घेऊ लागले. पुढे लॉस एंजल्सच्या फ्रँक पॅकमेयरने बाजूला खिडक्यांसारख्या पोकळ्या असलेल्या गाद्यांचा मोठा व्यापार केला. त्यांपैकी काहींत काळ्या थरालगत पांढऱ्या पट्टीची एक रेघ असे. १९५० नंतर ही पांढरी रेघ इतकी लोकप्रिय झाली की १८९० सालच्या दमास्कसी बंदुकांचे कुंदेही तिच्यासाठी बेधडक कापले गेले, आणि आज जुन्या बंदुकांचे जाणकार ती रेघ दिसताच बंदूक खाली ठेवतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशी जुनी बंदूक वारशाने किंवा खरेदीने ज्याच्याकडे आली आहे, त्याने काय करावे?

पहिली गोष्ट अशी की गादी निवडण्याच्या आधी काडतूस निवडावे. जुन्या इंग्रजी बारा बोर बंदुका बहुधा अडीच इंची काडतुसासाठी केलेल्या असतात. त्यांच्या नळ्यांखाली लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या कसोटीघराचे ठसे असतात, आणि त्यांवरून ती बंदूक कोणत्या दारूला व किती भाराला कसून पाहिली आहे हे जाणकाराला वाचता येते. तीत पावणेतीन इंची, आजच्या जोरदार भाराचे काडतूस घालणे म्हणजे खांद्याला, दस्त्याला आणि प्रसंगी प्राणालाही इजा करून घेणे होय. एक औंस किंवा त्याहून कमी छर्ऱ्यांचे हलके काडतूस वापरले तर निम्मी तक्रार तेथेच मिटते. जाणत्या कारागिराकडून नळ्यांची तपासणी झाल्याखेरीज अशी बंदूक उडवूच नये.

दुसरी गोष्ट माप. सध्याच्या कुंद्याचे माप चापापासून टाचेपर्यंत, मध्यापर्यंत आणि चवड्यापर्यंत, असे तिन्ही ठिकाणी घेऊन लिहून ठेवावे. पुष्कळदा असे आढळते की धक्का बसतो तो रबर नसल्यामुळे नव्हे, तर दस्ता अर्धा इंच आखूड असल्यामुळे. अशा वेळी अर्ध्या इंचाची गादी लाकडाला न कापता जोडली की माप आणि मार्दव दोन्ही साधतात, आणि हा सर्वांत निर्दोष योग होय. जर मूळ लांबी आपल्याला नेमकी असेल, तर इंचाची गादी जोडल्यास दस्ता साडेपंधरा इंचांवर जाईल आणि बंदूक काखेत अडकेल. मग लाकूड कापण्याचा मोह होतो. त्या मोहापूर्वी चामड्याचे, दोरीने आवळावयाचे, कुंद्यावर मोज्याप्रमाणे चढणारे आवरण घालून एक मोसम काढावा. ते दिसावयास साधे, पण मनात आले की निघते, आणि लाकडाला ओरखडाही पडत नाही.

तिसरी गोष्ट रूप. बंदूक ज्या काळची त्या काळची गादी. भरीव, विटकरी किंवा तपकिरी, खिडक्या व पांढरी रेघ नसलेली, आणि शक्य तर चामडे मढविलेली गादी जुन्या दस्त्यावर शोभते. तिच्या वजनाकडेही पाहावे. बंदूक बिजागरीच्या खिळ्यावर तोलली असता समतोल राहावी हा जुना दंडक आहे, आणि जड गादीने तो तोल मागे झुकतो.

चौथी गोष्ट बसविण्याची. हे काम परवानाधारक कारागिराचे आहे. परंतु धन्याला त्यातील बरेवाईट कळावे. मूळची पट्टी व मळसूत्रे काढून जपून ठेवावीत. जुनी छिद्रे नव्या जागेशी जुळत नसतील तर ती अक्रोडाच्याच खुंट्या सरसाने बसवून बुजवावीत. कुंद्याचे पृष्ठ व गादीची पाठ यांचा सांधा पाहण्यास तीच जुनी काजळीची रीत उत्तम. काळा डाग उमटेल तेवढेच तासावे, आणि उभा कल मूळचाच ठेवावा. गादीला मळसूत्रासाठी बारीक चीर पाडून, पेचकसाच्या पात्याला साबण लावून मळसूत्र आत फिरवावे, म्हणजे रबर फाटत नाही. मग दस्त्याच्या जुन्या तेलाच्या झळाळीवर चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन गादीच्या कडा घासाव्यात; टाचेकडील व चवड्याकडील रेषा दस्त्याच्या रेषांच्या सरळ पुढे गेल्या पाहिजेत, वाकून किंवा फुगून नव्हे. अखेरचे घासणे बारीक कागदाने आणि हातानेच व्हावे. या शेवटच्या घासण्यात घाई झाली की शंभर वर्षांची झळाळी एका फटकाऱ्यात जाते, आणि ती परत आणावयास तळहाताने पुन्हा आठवडेच्या आठवडे तेल जिरवावे लागते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झाले. आता अशा बंदुका कोठे जुन्या घराण्यांच्या परवान्यांवर, कोठे कोकणातील शेतीसंरक्षणाच्या परवान्यांवर, निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होत आणि पुन्हा घरी परतत जगत आहेत. त्या आता मारण्याची साधने म्हणून नव्हे, तर माणसाच्या हाताने लाकूड व लोखंड यांचा केवढा मेळ घातला याची साक्ष म्हणून जपण्यासारख्या आहेत. माझे मत असे की जुन्या बंदुकीचा धनी हा तिचा मालक नसून तिचा कारभारी असतो. आणि कारभाऱ्याने दप्तरातील पान फाडावयाचे नसते, खाली आपली नोंद तेवढी करावयाची असते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना एवढीच विनंती आहे. सारे उपाय करूनही कुंदा कापावाच लागला, तर कापलेला तुकडा फेकू नका. मूळची पट्टी, मूळची मळसूत्रे, जुनी ताठरलेली गादी आणि लिहून ठेवलेली तिन्ही मापे यांच्यासह तो तुकडा बंदुकीच्या पेटीत ठेवा. पुढे कधी लांब हाताचा वारस आला, तर त्याच लाकडाचा तो तुकडा, रेषेला रेष जुळवून, पुन्हा जागेवर बसविता येतो.